बिनबियांची द्राक्षं आणि गोजरबाईची शेळी

८ फेब्रुवारी १९७०
नगरच्या मोजणी कचेरीत तीस वर्षं मी लोकांच्या जमिनींचे नकाशे आणि नोंदी सांभाळल्या. डिसेंबरअखेर निवृत्त होऊन देवळालीला घरी आलो. शेत भावाकडे आहे. माझ्या ताब्यात फक्त घरामागचं परस, वीस पावलं लांब आणि बारा पावलं रुंद. त्याची तरी नोंद नीट राहावी म्हणून ही वही.

आज परसात न्हाणीजवळ द्राक्षाचे दोन वेल लावले. भोकरी जात नव्हे, जिच्या बिया थुंकत बसावं लागतं. ही बिनबियांची, थॉम्सन सीडलेस. सहादू म्हणून एक माणूस राहुरीकडच्या बागेत छाटणीचं काम करतो. त्याने मुळं फुटलेल्या काड्या आणून दिल्या. आमच्याकडे जो तो ऊस लावतो. ऊस लावायला डोकं लागत नाही, असं माझं मत मी भावालाही कळवलं आहे.

वेलाला दिवसभर ऊन पाहिजे असं सहादू म्हणाला. परसाच्या मधोमध शेवगा होता, त्याची सावली येत होती. सौ. बहिणीकडे सोनईला गेली होती. म्हटलं, ती येईपर्यंत जागा मोकळी करून तिला चकित करावं. दुपारपर्यंत शेवगा आडवा केला. संध्याकाळी सौ. आली, परसात बराच वेळ उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. बदल तिला पसंत पडलेला दिसतो.

१२ फेब्रुवारी
पसंत पडलेला नाही.

चार दिवस झाले, सौ. माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाक वेळेवर होतो, चहा वेळेवर येतो, पण जे सांगायचं ते ती स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगते. आज सकाळी भिंतीला म्हणाली, "भाकरी झालीया. ज्याला खायाची त्यानं खावी." मी भिंतीला सांगितलं की मला भूक आहे. भिंत मध्ये असल्यामुळे व्यवहार अडत नाही.

तोडलेल्या शेवग्याचा मनगटाएवढा एक दांडा तिने उचलून गोजरबाईच्या कुंपणालगत आमच्या बाजूच्या कोपऱ्यात रोवला आणि धुण्याची दोरी त्याला बांधली. म्हणजे झाडाचा उपयोग झालाच. हे मी भिंतीला समजावून सांगितलं.

१ मार्च
गोजरबाई म्हणजे शेजारीण. तिची एक शेळी आहे आणि कुंपणावरून बोलण्याची सवय आहे. आज तिने मला थांबवून विचारलं की शेवगा का तोडला. मी उन्हाचं शास्त्र सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊसाहेब, पुष्पा पोटात हुती तवा भागिरथीवहिनीनं म्हायेरावनं आनल्याली फांदी हुती ती. पदरात गुंडाळून, मोटारीत मांडीवर धरून आनली हुती."

चोवीस वर्षं मी त्या शेवग्याच्या शेंगांची आमटी खात आलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या मुलीचा, पुष्पावतीचा, जन्म झाला तेव्हा मी जामखेड तालुक्यात मोजणीच्या कामावर होतो, हे खरं. पण विचारायला काही हरकत नव्हती. आज दिवसभर वाईट वाटलं. वेलांना पाणी घालायलाही मन झालं नाही. शेवटी सौ.नेच दोन्ही वेलांना आंघोळीचं पाणी वळवलं आणि त्या दोरीच्या दांड्यालाही एक तांब्या घातला. मी भिंतीला विचारलं, दांड्याला पाणी कशाला? भिंतीला उत्तर मिळालं की, पाण्यानं माती बसते, दांडा हालत नाही. बरोबर आहे.

२४ मार्च, मंगळवार
लुगडं आणून पाहिलं. घडी तशीच फडताळात आहे. बत्तासे आणले, ते गोजरबाईच्या शेळीला मिळाले. तेव्हा आज मोठा उपाय केला. पाथर्डीच्या पुढे मोहट्याच्या देवीला जाऊन, नारळ ठेवून शपथ घेतली. मसुदा आदल्या दिवशी तयार केला होता आणि तो गोजरबाईदेखत भिंतीला वाचून दाखवला होता:

"मी, रंगनाथ सावळेराम, राहणार देवळाली प्रवरा, शपथपूर्वक कबूल करतो की, आजपासून सदर परसातील कोणत्याही हिरव्या झाडास, वेलीस वा रोपास मी स्वतः अगर दुसऱ्याकरवी, माझ्या सांगण्याने, संमतीने अगर माहितीने, कोणतेही धारदार लोखंड लावणार नाही व लावू देणार नाही."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या फटी शोधण्यात गेली. या मसुद्यात मुंगी शिरायला जागा ठेवली नाही. वाचून झाल्यावर गोजरबाईने हात जोडले. सौ.चं बोलणं सुरू झालं नाही, पण आज आमटीत कोकम होतं. ते मला आवडतं हे तिला माहीत आहे.

मला फार काही नको. तिने एकदा, पूर्वीसारखं, मला "अहो" म्हणावं. या वेलाचा पहिला घड मी तिच्या हातात देईन आणि ती "अहो" म्हणेल, असं मी मनाशी ठरवलं आहे.

१९ जून
वेल बांबूच्या मांडवावर चढले. शेतकी खात्याच्या पुस्तिकेत मासळीचं खत उत्तम म्हटलं आहे, म्हणून नगरहून सुक्या मासळीचं पोतं आणून मुळाशी घातलं. गल्लीतली सगळी मांजरं परसात राहायला आली आहेत. काल मोजली, अकरा. शेजारच्या आळीतलीही असावीत. सौ. भिंतीला म्हणाली की, या घरात आता मानसांपेक्षा मांजरांशी जास्त बोलनं हुतं. हे तिने मला उद्देशून म्हटलं असेल तर सुधारणा आहे.

२२ ऑगस्ट
पानांवर पांढरी बुरशी दिसली. मोरचूद आणि चुना कालवून डास मारायच्या फ्लिटच्या पंपाने फवारलं. वारा उलटा होता. मांडव निळा, न्हाणीची भिंत निळी, दोरीवरचं धुणं निळं. त्यात मी आणलेलं नवं लुगडं होतं. ते तिने आजच पहिल्यांदा धुतलं होतं, म्हणजे नेसण्याचा विचार होता. सौ.ने ते दोरीवरून काढून घडी केली आणि आत ठेवलं. मी संध्याकाळी मारुतीच्या पारावर जाऊन बसलो.

दोरीच्या दांड्याला दमट हवेमुळे पालवी फुटल्यासारखी दिसते. तोडलेल्या लाकडाचं असंच असतं. आठ-पंधरा दिवसांत वाळेल.

१७ जानेवारी १९७१
पाला अमाप. मांडवाखाली भर दुपारी दिवा लावावा लागेल इतका. घड एकही नाही. सहादूला बोलावून दाखवलं. तो मांडवाखाली उभा राहून बराच वेळ डोकं खाजवत होता.

"भाऊसाहेब, याला कात्री कवा लावली?"

मी म्हटलं, कधीच नाही.

"मंग घड कुठनं येतील? याला सालाला दोनदा कापावं लागतं. एप्रिलात एक-दोन डोळं ठिवून समदं खरडायचं. मंग दसऱ्याच्या अंगाला काडीवर सात-आठ डोळं राखून म्होरलं उडवायचं. कापल्याबिगर हा वेल फळत न्हाई. त्याची जातच तशी हाय."

मी आतून ही वही आणली. त्याला शपथ वाचून दाखवली. तो म्हणाला, तुमी नका कापू, मी कापतो. मी "दुसऱ्याकरवी" वर बोट ठेवलं. तो म्हणाला, तुमी सांगू नका, मी आपलाच येऊन कापतो. मी "माहितीने" वर बोट ठेवलं. तो म्हणाला, हातानं मोडू? पण हातानं मोडली तर काडी चिरते, असं त्याचं त्यालाच आठवलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, येवढं नीट कशाला लिवलं वो?"

मी वही मिटली.

सौ. दारात उभी राहून ऐकत होती. तिने सहादूला चहा दिला. मग दुसऱ्यांदा चहा दिला. परक्या माणसाशी ती इतकी बोलत नाही, पण आज त्याला बारीकसारीक विचारत होती: कोंब फुटतो तो डोळा म्हणजे कुठला, काप सरळ की तिरपा, डोळ्याच्या किती वर. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून मन लावून ऐकण्याची तिची रीत जुनीच आहे. सहादू गडबडीत आपली छाटणीची कात्री खुंटीवरच विसरून गेला. निरोप पाठवायला हवा. सौ. भिंतीला म्हणाली, राहू द्या, त्याचा तो न्हेईल.

२ फेब्रुवारी
देवीकडे जाऊन शपथ मागे घ्यावी, असा विचार तीन दिवस केला. नारळाचं एक तोरण आणि क्षमा मागितली तर देवी मोठ्या मनाची आहे, ऐकेल. पण सौ.चं काय? तिच्या झाडासाठी घेतलेली शपथ मी माझ्या द्राक्षांसाठी मोडली, तर तिने पुन्हा माझ्या कुठल्या शब्दावर भरवसा ठेवावा? घड नाही आले तरी चालेल. मात्र घडाशिवाय "अहो" कसं येणार हेही कळत नाही. दोन्ही बाजूंनी मीच मला बांधून घातलं आहे.

७ एप्रिल
पुष्पावतीच्या मुलाच्या जावळासाठी चार दिवस नगरला जाऊन आलो. जावई तिथेच नागापूरच्या कारखान्यात आहेत, त्यांना रजा चारच दिवस होती. सौ. आली नाही. नातवाच्या जावळाला आजी येत नाही हे मला विचित्रच वाटलं, पण भिंतीकडून कळलं की कंबर धरली आहे.

परत येऊन पाहतो तो मांडव उघडा. वेल भुंडे. जाड खोडं आणि वर बोटाएवढे खुंट, बाकी आभाळ. मी परसातच बसलो. सौ. भिंतीला म्हणाली, "शेळी शिरली व्हती."

तडक कुंपणाशी गेलो आणि गोजरबाईला बोलायचं ते बोललो. एरवी एका शब्दाला दहा ऐकवणारी बाई, पण आज खाली मान घालून उभी. म्हणाली, "व्हय भाऊसाहेब, शेळीच. लई वढाळ हाय." अपराधी मनाचं हे लक्षण.

जेवताना पाहिलं, सौ.च्या अंगठ्याला चिंधी होती. विळीवर कापलं म्हणे. चुलीपाशी सारख्या लांबीच्या काड्यांच्या सात जुड्या बांधून ठेवलेल्या. शेळीने टाकलेलं सरपणसुद्धा तिने वाया जाऊ दिलं नाही. संसारी बाई. कंबर मात्र चार दिवसांत बरी झालेली दिसली.

११ एप्रिल
पंचनामा केला. शेळीने प्रत्येक फांदी एक किंवा दोन डोळे राखून खाल्ली आहे. प्रत्येक काप तिरपा. जाड कापांवर शेणाचा लेप आहे, तो कसा बसला असावा हे समजलं नाही. शेळ्यांच्या दातांची रचना पाहायला हवी.

५ मे
वेल फुटले. एकेका खुंटातून जोमदार कोंब, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट जाड. मी आनंदाच्या भरात भिंतीला हाक मारली. आतून भांड्यांचा आवाज थांबला. काही वेळाने सौ. दारात आली, मांडवाकडे बघून गेली. चेहरा पडलेला नव्हता. उलट, नीट पाहिलं तर थोडी हसल्यासारखी वाटली. माझ्या डोळ्यांची आता तपासणी करून घ्यायला हवी.

गोजरबाईच्या शेळीबद्दल शेतकी खात्याला एक पत्र लिहिलं. शेळीच्या लाळेत काही गुण असेल तर त्याचा तपास व्हावा, अशी सूचना केली. शास्त्रात अशाच रीतीने शोध लागतात.

१८ जुलै
गोजरबाईच्या हद्दीत कोपऱ्यात शेवगा चांगलाच वाढला आहे. छपराच्या वर गेला. फांद्या आमच्या बाजूला झुकतात आणि दोन-तीन वर्षांत मांडवावर सावली करतील. मी तिला सांगितलं की आपलं झाड आवरा. ती म्हणाली, "माझं?" आणि मग सौ.कडे बघून, "बरं, माझं." हद्दीच्या बाबतीत मला मोजणीची साखळी लावावी लागत नाही, नजरेने सांगतो. तीस वर्षांचा सराव आहे. शपथेमुळे आमच्याकडे आलेली फांदीही मला तोडता येत नाही. सौ.ला हे सारं भिंतीमार्फत सांगितलं. ती खोकत खोकत आत गेली.

२८ सप्टेंबर
नवरात्रात मोहट्याला गेलो. यात्रा मोठी. शपथेला दीड वर्ष झालं, एकदाही मोडली नाही असं देवीला सांगितलं. आता माझ्या हातात एवढंच आहे, बाकी तू बघ, असंही म्हटलं. गर्दीत पुजाऱ्याला वाटलं मला पोर होत नाही, त्याने ओटीचा खण हातात ठेवला.

आज घरी आलो तर शेळी पुन्हा येऊन गेलेली. या खेपेस तिने निम्माच वेल खाल्ला. काड्या आखूड केल्या, पण सात-आठ डोळे सगळीकडे राखले. मी पाच काड्यांवर मोजले: सात, आठ, आठ, सात, आठ. गोजरबाईकडे जाब विचारायला गेलो, तर तिथे शेळीच नाही. ती गौरीच्या आधीच बेलापूरच्या बाजारात विकली, असं ती बोलून गेली. मग एकदम म्हणाली, "दुसरी घेतलीया की. रानात हाय आत्ता." नवी शेळी अजून माझ्या दृष्टीस पडलेली नाही. पण दोघींची चरण्याची पद्धत एकच आहे, म्हणजे पहिलीच्याच वंशातली असणार.

सौ.चा चेहरा दमलेला होता. हातांवर वेलाच्या चिकाचे डाग होते. काड्या गोळा करताना पडले असतील. मी भिंतीला सांगितलं की, आज स्वयंपाक राहू दे, मी पोहे करतो. पोहे चिकट झाले, ती सगळे खाऊन गेली.

दिवाळी पाडवा, १९७१
सकाळी सौ.ने औक्षण केलं. ओवाळताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पण तबक स्थिर होतं. गेल्या वर्षी हलत होतं. ओवाळणीत मी तिला काय घालावं कळेना. तो मोहट्याचा खण घातला.

मग परसात गेलो आणि मांडवाखाली मान वर केली. नव्या फुटीच्या चौथ्या-पाचव्या पानापाशी हिरव्या मोहरीएवढ्या दाण्यांचे इवले इवले झुपके. एक नाही, दोन नाहीत. मी मोजायला लागलो आणि मध्येच विसरलो. मी रडलो असं लिहिण्याचं कारण नाही, पण चष्मा पुसावा लागला. मी मोठ्याने म्हणालो की देवी पावली. दारातून सौ. भिंतीला म्हणाली, "देवीला लई कामं असत्यात."

१२ डिसेंबर
मणी गर्दीने धरले. सहादू कुंपणावरून सांगून गेला की, घडातले निम्मे मणी कात्रीने काढावे लागतात, नाहीतर सगळे बारीक राहतात. मी हात वर केले. यंदा पाऊस नीट झाला नाही, आडाचं पाणी तळाला आहे. आता आंघोळीचं पाणीही बादलीभरच मिळतं. ते सगळं वेलाला जातं. वेलाच्या निमित्ताने मी रोज आंघोळ करू लागलो आहे.

२० डिसेंबर
मणी आपोआप विरळ झाले आहेत. चिमण्यांचं काम दिसतं. रोज मी पारावर जातो त्या वेळात येत असाव्यात. चिमण्या घडाच्या आतलेच मणी नेमके टिपतात, बाहेरचा एक हलवत नाहीत. देवळालीच्या पशुपक्ष्यांवर कोणीतरी पुस्तक लिहायला हवं.

१४ फेब्रुवारी १९७२
मणी पिवळसर झाले. आता पाखरांची भीती. आज सकाळी पाहतो तर सौ.ने ते निळे डाग पडलेलं लुगडं मांडवावर टाकून दिलं आहे. अजून राग गेला नाही म्हणायचा. मात्र ते घडांवर असं पसरलं आहे, चारी टोकांना अशी गाठ बसली आहे की पाखराला चोच घालता येत नाही. रागातसुद्धा बाईचा हात नीटनेटका.

लुगड्यावर पांढरी बारीक फुलं पडलेली असतात. गोजरबाईचा शेवगा फुललाय.

१२ मार्च
आज पहिला घड काढला. लोखंड नको म्हणून देठ नखाने खुडला, त्याला पाऊण तास लागला. पितळी ताटलीत घड ठेवला, वर पाणी शिंपडलं. दोन वर्षं या क्षणाचं भाषण मनात तयार करत होतो. शेवग्यापासून सुरुवात होती. स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना.

सौ. चुलीपुढे होती. मी भिंतीशी बोललो नाही. ताटली तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "तुझा शेवगा मी विचारल्याशिवाय तोडला. माझं चुकलं." एवढंच. हे दोन वर्षांपूर्वी म्हणायला काय हरकत होती, ते आता समजत नाही. शपथ लिहिली, देवीला गेलो, फक्त हे तेवढं राहिलं होतं.

तिने एक मणी तोंडात टाकला. हळूहळू चावला. जीभ गालात फिरवली, काहीतरी शोधत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "यात बी न्हाई."

मी म्हटलं, नाहीच. बिनबियांची आहेत.

"मंग म्होरं लावायचं काय?"

"फांदी. कापलेली फांदी रोवायची, ती फुटते."

"त्ये मला ठावं हाय," ती म्हणाली आणि परसाच्या कोपऱ्याकडे बघितलं.

मीही बघितलं. शेवगा उन्हात उभा होता, फुलांनी भरलेला, खाली पहिल्या कोवळ्या शेंगा लोंबत होत्या. बुंध्याला आमची धुण्याची दोरी बांधलेली होती. दोरीवर माझाच सदरा वाळत होता.

मी कितीतरी वेळ त्या दोरीकडे पाहत राहिलो. तीस वर्षं मोजणीत घालवलेला माणूस, आणि आपल्या दोरीचा दांडा दुसऱ्याच्या हद्दीत घालून मोकळा झालो होतो. सौ.ने दुसरा मणी तोंडात टाकला आणि एक माझ्यापुढे केला. गोड होता.

नंतर दुपारपर्यंत तिने मला आणखी चारदा "अहो" म्हटलं. त्यातल्या दोनदा पाय पुसून आत या म्हणून.

१३ मार्च
गोजरबाईकडे घड घेऊन गेलो. हद्दीच्या बाबतीत माझी चूक झाली, असं कबूल केलं. ती म्हणाली की, वांदा न्हाई. शेळीबद्दल मात्र मी काही विचारलं नाही. तिच्या गोठ्यात नुसतं दावं लटकत होतं. तिकडे मी पाठ करून बसलो.

घरी येऊन शपथेचा मसुदा पुन्हा वाचला. "माझ्या सांगण्याने, संमतीने अगर माहितीने." सांगणं नाही. संमती कोणी मागितली नाही. राहता राहिली माहिती. खुंटीवरची कात्री, अंगठ्याची चिंधी, चहाचे दोन कप, सात जुड्या. दोन वर्षं ही बाई माझ्याशी बोलत नव्हती, आणि माझी शपथ मात्र माझ्यापेक्षा जपून पाळत होती. बोलली असती तर मला कळलं असतं, आणि मला कळलं असतं तर शपथ मोडली असती. तिचा राग केव्हा संपला आणि नुसतं गप्प बसणं केव्हापासून चाललं होतं, ते मी आता विचारणार नाही. काही गोष्टी न विचारता सोडायच्या असतात आणि काही वेळेवर विचारायच्या असतात. मी इतकी वर्षं नेमकं उलटं करत आलो.

माहिती नाही. ही नोंद मी करतो आणि तिच्याखाली सही करतो. वेल शेळीने खाल्ला आहे.

३० मार्च
सहादूची ती कात्री, तो अजून न्यायला आलेला नाही, राहुरीला नेऊन तिला धार लावून आणली. लोखंड नुसतं पडून गंजू नये म्हणून. तेल लावून पुन्हा त्याच खुंटीला अडकवली. सौ.ने पाहिलं आणि भिंतीला म्हणाली, "भाकरी झालीया." मी विचारलं, भिंतीला का? तर म्हणाली, "सवय लागली. तिलाबी वाईट वाटंल."

जेवताना शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं की ही तू कशी करतेस. तिने सगळं सांगितलं.

शेळीची येण्याची वेळ आता जवळ आली आहे. येत्या रविवारपासून चार दिवस मी पुष्पावतीकडे नगरला जाणार आहे. काही काम नाही, सहज. सौ.ला म्हटलं, येतेस का? ती म्हणाली, "न्हाई अहो. माझी कंबर धरनार हाय."